हॅनाफर्डांची गोड सायडर

ज्या खलात पणजी ॲग्नेसने देवीच्या साथीत औषधे कुटली, आजी ज्यूडिथने खोऱ्यातल्या बाळंतिणींसाठी मुळे ठेचली आणि आई प्रिसिलाने माणसांबरोबर गुराढोरांचीही सोय पाहिली, त्याच खलात थॉमसिन हॅनाफर्ड आपल्या गड्यासाठी रेवंदचिनी कुटत होत्या. चूर्ण बोटांत धरून त्यांनी चोळून पाहिले, त्यात सोनामुखी आणि सुंठ घातली, चुलीवरची कढत सायडर, सफरचंदांची ती हलकी दारू, लाकडी पेल्यात ओतली आणि सगळे ढवळून पेला पुढे केला.

"पी. एका दमात. तोंड वेडंवाकडं करायचं नाही."

दाराजवळच्या बाकावर गिल्बर्ट एन्डाकट गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला.

"कालचंच औषध अजून आत मुक्कामाला आहे, बाईसाहेब."

"मग आजचं जाऊन त्याला घेऊन येईल. माझ्या आईच्या ह्याच औषधानं फुगलेला बैल मोकळा झाला होता."

"बैलाला चव कुणी विचारली नसेल."

"बैल उलट बोलत नव्हता, एवढं मात्र खरं."

गिल्बर्ट हसू लागला आणि हसणे अर्ध्यावर सोडून पुढे वाकला. बेंबीला दोरी बांधून कुणी ती पाठीच्या कण्यातून ओढावी तशी कळ त्याच्या पोटातून जात असे. आठ दिवस कोठा साफ नव्हता. चेहऱ्याला मेणाचा रंग आला होता. कळ ओसरल्यावर त्याने औषध संपवले आणि पेला परत केला. पण देता देता त्याचा उजवा हात मनगटापाशी खाली कलला, पेला बोटांतून सुटला आणि फरशीवर आपटून चुलीपर्यंत घरंगळत गेला.

"ओला होता," तो म्हणाला.

पेला ओला नव्हता. थॉमसिनबाईंनी तो उचलून ओट्यावर ठेवला.

इंग्लंडमधल्या डेव्हनच्या त्या खोऱ्यात, सतराशे अडुसष्ट साली, शेतावरच्या गड्याला मजुरीचा एक भाग सायडरच्या रूपाने मिळत असे. सकाळी प्रत्येकाचे छोटे पिंप भरायचे, त्याने ते कमरेला लटकवून शेतावर न्यायचे आणि दिवसभर त्यावरच तहान भागवायची, हा रिवाज कुणी घातला ते कुणाला आठवत नव्हते. इतरांची सायडर फेब्रुवारी उलटला की दात आंबवू लागे. हॅनाफर्डांची पुढच्या हंगामापर्यंत गोड राही. दूरदूरचे गडी त्या गोडीसाठी इथे काम मागायला येत, आणि थॉमसिनबाई ती स्तुती मान किंचित हलवून स्वीकारत. त्या स्वतः चहाखेरीज काही पीत नसत. सायडर पुरुषांची, असे त्यांच्या आईचे मत होते, आणि आईची मते त्या घरात बदलली जात नसत.

हंगामाबरोबर पोटशूळही येई. कुणी म्हणे कच्च्या फळांनी येतो, कुणी म्हणे पूर्वेच्या वाऱ्याने. थॉमसिनबाईंनी त्यावर औषध दिले नाही असा एकही माणूस खोऱ्यात नव्हता. पण गिल्बर्टचे दुखणे गेल्या हिवाळ्यापासून हटत नव्हते. टॉटनेसहून डॉक्टर आला, त्याने दोनदा रक्त काढले, एकदा वमन करवले, संधिवात पोटात उतरला असे निदान केले आणि घोड्यावर बसून निघून गेला. आता हात गळू लागले होते. गड्याचे हात गेले की त्याला गावच्या निराधारगृहातल्या गवताच्या गादीखेरीज जागा उरत नाही. गिल्बर्ट ह्या शेतावर तीस वर्षे होता, बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्या गादीचा विचार तो करत असणार हे थॉमसिनबाईंना कळत होते. ती वेळ आपण येऊ देणार नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

पुढच्या सोमवारी गिल्बर्ट औषधाला आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी त्यांची सून सुझाना लोणी काढता काढता म्हणाली,

"सासूबाई, तुमचा रोगी पळाला, कळलं का?"

"कुठे पळाला?"

"विल्मट कॉझीच्या झोपडीत. चर्चवरून येताना पाहिलं मी. दार सताड उघडं, आणि हा आत बसून बार्लीची पेज भुरकतोय. तोंडावर रंगसुद्धा आलाय."

"चुलीच्या उजेडात सगळ्यांच्या तोंडावर रंग येतो."

"भर दुपारी, सासूबाई."

थॉमसिनबाईंनी सुनेच्या हातातली रवी घेतली आणि स्वतः लोणी काढायला बसल्या. त्या दिवशीचे लोणी फार घट्ट झाले.

विल्मट कॉझी बावीस वर्षांपूर्वी ह्याच घरात दूधदुभत्याचे काम पाहत होती. थॉमसिनबाईंनी तिला सप्टेंबरअखेरीस, नोकरीची वर्षे संपतात त्या सेंट मायकेलच्या सणाला कामावरून काढले, आणि काढताना चांगल्या वागणुकीचा दाखला दिला नाही. दाखला नसलेल्या मोलकरणीला दुसरे घर मिळत नाही. विल्मट एक्सेटरला गेली, तिथे तिने लग्न केले, आणि पाच वर्षांपूर्वी विधवा होऊन परत आली. ती औषध देते असे लोक म्हणू लागले तेव्हा थॉमसिनबाई हसल्या होत्या. तिच्याकडे खल नव्हता, पुस्तक नव्हते, आजीसुद्धा नव्हती. ती चर्चच्या पायरीवर सापडलेली मुलगी होती.

तीन आठवड्यांनी गिल्बर्ट परत आला. सरळ चालत आला, कुंपणाचा आधार न घेता. टोपी काढून दाराशी उभा राहिला तेव्हा त्याचे गाल भरलेले दिसत होते.

"बाईसाहेब, रागावू नका. पाय मोकळे करायला गेलो होतो."

"तीन आठवडे? बरेच लांब गेलेले दिसतात पाय."

"कामावर घ्याल ना?"

"बस. आधी खा."

त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला डुकराच्या मांसाचे जाड काप वाढले, पाव वाढला, आणि मोठ्या पिंपातली, खास पाहुण्यांसाठी राखलेली सायडर दोनदा भरून दिली. तो खात असताना त्या त्याच्याकडे पाहत होत्या. माणूस बरा झाला ह्याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांना मात्र ते गाल खुपत होते. त्यांच्या घरातली एखादी वस्तू कुणीतरी नेऊन, चकचकीत घासूनपुसून परत आणून ठेवावी, तसे ते गाल दिसत होते.

"काय देत होती ती?"

"विशेष काही नाही, बाईसाहेब."

"विशेष काही नाही, म्हणजे सांगायचं नाही."

गिल्बर्टने पाव चावायला बराच वेळ घेतला.

सहा दिवसांनी तो सफरचंदे भरडायच्या, घोड्याने फिरणाऱ्या घाण्यापाशी कोसळला. घोडा थांबवून गड्यांनी त्याला पेंढ्यावर निजवले. पोट दाबून धरल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नव्हता. थॉमसिनबाई आल्या, वाकल्या, त्याची नाडी पाहिली.

"पाहिलंस?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जाऊन आलास ना? टिकलं का?"

त्या क्षणी त्यांच्या छातीवरचे ओझे हलके झाले. त्या हलकेपणाला त्यांनी नाव दिले नाही. घरी येऊन मात्र त्यांनी एकाऐवजी दोन कप चहा घेतला आणि कपाटातून रेवंदचिनी काढली. औषध तयार होईपर्यंत गिल्बर्ट पेंढ्यावरून उठला होता, आणि कुंपण धरत धरत, दर चार पावलांवर थांबत, चर्चच्या उताराकडे निघाला होता. भर उन्हात, सगळ्या गड्यांच्या देखत.

थॉमसिनबाईंनी औषधाचा पेला तसाच ओट्यावर ठेवला, काठी घेतली आणि त्याच्या मागे निघाल्या.

विल्मटच्या झोपडीचे दार उघडेच होते. गिल्बर्ट खाटेवर पडला होता आणि विल्मट त्याच्या पोटावर जवसाचे गरम पोटीस बांधत होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिने मान वर केली.

"या, बाई. बसा. तिवईचा एक पाय आखूड आहे, तेवढं सांभाळा."

"मी बसायला आलेली नाही. काय देतेस ह्याला?"

"काही नाही."

"माझ्यापुढे लपवाछपवी नको, विल्मट. कुठलं मूळ आहे? कुणाकडून आणतेस?"

विल्मटने उठून फडताळ उघडले आणि बाजूला झाली. थॉमसिनबाईंनी एकेक भांडे उचलून नाकाशी नेले. जवसाचे तेल. बार्ली. मीठ. चीज करताना उरणाऱ्या निवळीचे मडके. तिच्यात बोट बुडवून त्यांनी चाखले. चार पिढ्यांचे नाक फसणारे नव्हते. त्या फडताळात औषध म्हणावे असे काहीही नव्हते, आणि हे त्यांना एखादे अघोरी मूळ सापडण्यापेक्षा जास्त झोंबले.

"हे तर आजारी कोकरांना देतात."

"हो. कोकरंही बरी होतात."

"मग हा माझ्याकडे पडतो का, आणि तुझ्याकडे उठतो का?"

विल्मटने खाटेकडे पाहिले.

"तूच सांग," गिल्बर्ट डोळे मिटूनच म्हणाला. "माझ्यानं नाही व्हायचं. मी त्यांचं मीठ खाल्लंय."

"मिठानं काही झालं नसतं, बाबा. जे प्यालास त्यानं झालं."

मग ती सांगू लागली, आणि सांगताना तिचे हात पोटिसाच्या गाठी आवळत राहिले. तिचा नवरा एक्सेटरला शिशाचे काम करी. छपरांचे पत्रे, नळ, पन्हाळी. त्या गल्लीतल्या सगळ्यांना हेच पोट आणि हेच हात. तिथे हे दुखणे शेंबड्या पोरालाही ओळखता येई. तिचा नवरा त्यातच गेला.

"तुमच्या घाण्याची कुंडी पाच दगडांची आहे, बाई. सांध्यांत काय ओतलंय? आणि ज्या पाटावर भरडा दाबतात, त्याला पत्रा कशाचा आहे? आंबट रस शिशाला चाटत राहिला की गोड होतो. आमचे हे बोट लावून दाखवायचे. म्हणायचे, ह्या विषात साखर घालायला लागत नाही."

"माझी सायडर गोड आहे ती फळामुळे."

"फळ तर कुंपणापलीकडच्या बागेतही तेच आहे."

थॉमसिनबाई तिवईवर बसल्या. तिवई कलली, त्यांनी काठी टेकवून तोल सावरला.

"पाच वर्षं तुला हे ठाऊक होतं."

"होतं."

"आणि तू गप्प राहिलीस."

"कुणाला सांगू? हॅनाफर्डांच्या सायडरला विष म्हणणारी कोण, तर बिनदाखल्याची बाई. खोऱ्यातून हाकललं असतं मला. आणि पहिलं कुत्रं तुम्हीच सोडलं असतं."

ते खरे होते.

"साहेबांच्या वेळी," त्यांनी विचारले, "तेव्हाही ठाऊक होतं?"

"तेव्हा मला काय कळत होतं? निवळी दिली की त्यांना झोप लागते, एवढंच दिसत होतं. तेच तुम्हाला म्हटलं होतं."

तेच म्हटले होते. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान जेम्स हॅनाफर्ड अंथरुणाला खिळले होते. दोन्ही हात मनगटापासून ओल्या हातमोज्यांसारखे लोंबत होते, चमचा धरता येत नव्हता. विल्मट त्यांना निवळी पाजी. एका दुपारी ते दीड महिन्यात प्रथमच शांत झोपले, आणि जागे झाल्यावर, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहत म्हणाले, "विल्मट कुठे आहे?" एवढेच. चार दिवसांनी सेंट मायकेलचा सण होता. त्यानंतर थॉमसिनबाईंनी दुसऱ्या कुणालाही त्या खोलीत पाऊल ठेवू दिले नाही. दिवसातून तीन वेळा, कढत सायडरमधून, त्या स्वतःच्या हाताने नवऱ्याला औषध देत राहिल्या. ते नाताळपर्यंत होते.

विल्मटने निवळीचे मडके झाकले.

थॉमसिनबाई उठल्या. खाटेजवळ जाऊन त्यांनी गिल्बर्टचा उजवा हात उचलला, मनगटाखाली आपला तळवा धरला आणि तो बोटे किती वर उचलू शकतो ते पाहिले. थोडी उचलत होती.

"हा इथेच राहील," त्या म्हणाल्या. "पूर्ण बरा होईपर्यंत. बार्ली आणि मटण मी पाठवते." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "सायडर नाही पाठवत."

"बरं झालं सांगितलंत," विल्मट म्हणाली. "नाहीतर मी वाट पाहत बसले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी घाण्यापाशी जमले तेव्हा थॉमसिनबाई आधीच तिथे होत्या. बागेत सफरचंदांचे ढीग पिकून तयार होते. त्यांचा आंबूस वास अंगणभर पसरला होता. दगडी कुंडीच्या सांध्यांतले शिसे रसाने घासून ठिकठिकाणी पांढरे पडले होते. लग्नाच्या वर्षी जेम्सनी ते काम करवून घेतले होते. एक्सेटरहून कारागीर आणला होता, आणि नव्या नवरीला हाताला धरून दाखवायला नेले होते.

"पिंपं आणा," त्या म्हणाल्या. "सगळी. तळघरातलीही."

गड्यांना वाटले, नवा रस भरायचा आहे. पिंपे आली. थॉमसिनबाईंनी पहिल्याचे बूच स्वतः काढले आणि पिंप गटारीत कलते केले. कुणी हलले नाही. सायडर खडीवरून वाहत जाऊन दाराबाहेर पडली, तेव्हा सुझाना धावत आली.

"सासूबाई! अहो, वर्षभराची आहे ती! बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"मला काही झालेलं नाही. मी चहा पिते." त्यांनी दुसऱ्या पिंपाकडे बोट दाखवले. "उभी काय राहिलीस? बूच काढ. आणि पाथरवटाला निरोप पाठव. कुंडीतलं शिसं छिन्नीनं काढायचं आहे, कणभरही ठेवायचं नाही. सांध्यांत ओकच्या पाचरी मारायच्या. दाबाचा पत्रा उचकटून टाकायचा."

"मग सायडर आंबेल आपली. शेजाऱ्यांसारखी."

"आंबू दे."

रविवारी चर्च सुटल्यावर थॉमसिनबाई घराकडे वळल्या नाहीत. उतारावरून खाली गेल्या. विल्मट दाराबाहेर बसून शेंगा सोलत होती. शेजारी भिंतीला टेकून गिल्बर्टही सोलत होता, हळूहळू, एकेक शेंग, जीभ दातांत धरून. थॉमसिनबाईंनी घडी घातलेला कागद विल्मटच्या पुढे धरला.

"काय आहे?"

"दाखला."

विल्मटने हात कमरेच्या फडक्याला पुसले, पण कागद घेतला नाही. "आता? पन्नाशीत मला कोण गाई सोपवणार आहे?"

"गाईंसाठी नाही. खोऱ्यात आणखी सात घाण्यांना थोडंफार शिसं आहे. नुसतं तू सांगितलंस तर ऐकणार नाहीत. हा घेऊन जा, मग ऐकतील."

विल्मटने कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"मला वाचता येत नाही, बाई. तुम्हीच वाचून दाखवा."

चर्चमधून परतणारी माणसे उतारावरून येत होती: शेजारच्या मळ्याचा मालक, त्याची बायको, हॅनाफर्डांचे दोन गडी, मुलाबाळांसह सुतार. थॉमसिनबाईंना त्या दाराशी उभे पाहून त्यांची चाल मंदावली. कागद आपल्या पाठीमागे, आपण नसताना वाचला जाईल, असे थॉमसिनबाईंनी धरले होते. त्यांनी घडी उलगडली.

"आणि जरा मोठ्यानं," विल्मट म्हणाली. "गिलला डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

"दोन्ही कानांनी, बाईसाहेब," गिल्बर्ट शेंगांकडे पाहत म्हणाला.

थॉमसिनबाईंनी घसा साफ केला. प्रार्थनेच्या वेळी पहिल्या बाकावरून ऐकू जाई तोच त्यांचा आवाज होता.

"विल्मट कॉझी हिने माझ्या घरी सात वर्षे काम केले. ती प्रामाणिक, स्वच्छ आणि मेहनती होती. माझ्या यजमानांच्या आजारात तिने जे सांगितले ते बरोबर होते. मी ऐकले नाही." पुढची ओळ आली तेव्हा त्या थांबल्या. वाटेवरची माणसेही थांबली होती. "तिचा काहीही दोष नसताना, केवळ मत्सरापोटी, मी तिला काढले आणि दाखला नाकारला. हे तिचे देणे मी बावीस वर्षे थकवले. औषधपाण्याच्या बाबतीत ती सांगेल ते माझेच सांगणे समजावे."

एवढ्यावर मजकूर संपत होता. थॉमसिनबाईंनी कागद खाली केला नाही. तारीख वाचली, गावाचे नाव वाचले, आणि शेवटी खाली केलेली सही, आपले स्वतःचे पूर्ण नाव, तितक्याच मोठ्या आवाजात वाचले.